बापाचा शब्द : ‘सरकार’ आणि ‘गॉडफादर’ यांचे रसग्रहण

वार्षिकांकासाठी काय लिहितोस, असे संपादक मंडळातील एका मित्राने विचारले तेव्हा मी ‘सरकार’ या चित्रपटमालिकेचे नाव सांगितले. तो हसला. माहूरच्या कला महाविद्यालयाच्या अंकात गुंडांचे सिनेमे कशाला, असे म्हणून त्याने गडावरचा सूर्योदय, नवरात्राची यात्रा आणि ग्रामीण कवितेतील प्रतिमासृष्टी असे तीन विषय मला सुचवले. त्याचे विषय वाईट नाहीत. दर वर्षी कोणीतरी त्यांवर लिहितेच. पण या चित्रपटांचा अर्थ मला लागला तो गडाकडे पाहतानाच, आणि तोही फार उशिरा. म्हणून हा खटाटोप.

उशिरा म्हणण्याचे कारण असे की बारावीत असताना मी ‘सरकार’ आणि पाठोपाठ ‘गॉडफादर’ पाहिला, तेव्हा मला त्यांतले फक्त नायक दिसले. शांत आवाजात बोलणारा, कोणापुढे न वाकणारा, आपल्या माणसांना न सोडणारा पुरुष. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर वर्षभर मायकेल कॉर्लिओनीचे खुर्चीत बसलेले चित्र होते. आमच्या वर्गात आजही तसे चार-पाच पडदे सापडतील. त्या चार-पाच मित्रांनी हा लेख वाचावा अशी माझी इच्छा आहे. गुरुजनांनी तो सहन करावा.

प्रथम ओळख करून देतो. रामगोपाल वर्मा यांचा ‘सरकार’ हा चित्रपट २००५ साली आला, ‘सरकार राज’ २००८ साली आणि ‘सरकार ३’ २०१७ साली. भाषा हिंदी असली तरी घर मराठी आहे. मुंबईतील सुभाष नागरे हे या घराचे कर्ते पुरुष. ते कोणत्याही पदावर नाहीत, पण त्यांच्या शब्दावाचून शहराचे पान हलत नाही. लोक त्यांना ‘सरकार’ म्हणतात. काळा वेश, रुद्राक्षांची माळ, बशीतून घेतलेला चहा. या व्यक्तिरेखेत प्रेक्षकांना बाळासाहेब ठाकरे यांच्या सार्वजनिक प्रतिमेची छाया दिसली आणि त्यावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत मी शिरत नाही. माझे लक्ष माजघराकडे आहे.

आपला चित्रपट ही ‘गॉडफादर’ला वाहिलेली आदरांजली आहे, अशी कबुली वर्मा यांनी आरंभीच देऊन टाकली आहे. चोरी लपवण्यापेक्षा ऋण मान्य करणे केव्हाही चांगले. हे ऋण मारिओ पुझो यांच्या १९६९ सालच्या कादंबरीपासून आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी तिच्यावरून काढलेल्या चित्रपटांपासून सुरू होते. पहिला भाग १९७२, दुसरा १९७४ आणि तिसरा १९९० सालचा. तिन्ही मिळून सुमारे नऊ तासांचा ऐवज. पहिल्या दोन्ही भागांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि एखाद्या चित्रपटाच्या पुढल्या भागाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

‘गॉडफादर’ हा शब्द मात्र नीट समजून घ्यायला हवा. आपण तो ‘वरपर्यंत ओळख असलेला माणूस’ अशा अर्थाने वापरतो. नोकरी लागायला गॉडफादर लागतो, असे म्हणतो. मूळ शब्द ख्रिस्ती धर्मविधीतला आहे. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा मुलाला बोलता येत नाही, म्हणून एक मानलेला बाप त्याच्या वतीने उत्तरे देतो. सैतानाचा त्याग करतोस का, असे धर्मगुरू विचारतात आणि तो, होय, करतो, असे म्हणतो. चित्रपटाच्या शेवटी हा अर्थ कामाला येतो, म्हणून आताच सांगून ठेवला.

दोन्ही मालिकांमधले आणखी एक साम्य गमतीचे आहे. घराण्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी आपली घराणीच कामाला लावली. कोपोला यांची बहीण तालिया शायर चित्रपटात कॉर्लिओनींची मुलगी झाली, वडील कार्माइन यांनी संगीताला हातभार लावला, आणि बाप्तिस्म्याच्या प्रसंगातले तान्हे मूल म्हणजे कोपोलांची मुलगी सोफिया. तिसऱ्या भागात मायकेलच्या मुलीचे कामही तिनेच केले. इकडे सुभाष नागरे अमिताभ बच्चन, धाकटा मुलगा शंकर अभिषेक बच्चन, आणि ‘सरकार राज’मध्ये अनिता राजन झाली ती त्यांची सून ऐश्वर्या. पडद्यावर बाप मुलाकडे पाहतो तेव्हा त्या नजरेत अभिनय किती आणि घर किती, हे सांगणे कठीण होते. मुलाच्या कामासाठी अभिषेकला सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते.

आता प्रत्यक्ष चित्रपटाकडे वळू.

दोन्ही मालिका एकाच प्रसंगाने उघडतात. एक बाप आपल्या मुलीवरील अत्याचाराचे गाऱ्हाणे घेऊन एका दुसऱ्या बापाकडे येतो. ‘गॉडफादर’मध्ये हा बाप बोनासेरा, अंत्यविधीचे साहित्य आणि व्यवस्था पुरवणारा गृहस्थ. न्यायालयाने अपराधी पोरांना शिक्षा दिली, पण ती लगेच तहकूबही केली. पोरे हसत घरी गेली. आता त्याला व्हिटो कॉर्लिओनीकडून न्याय हवा आहे. बाहेर अंगणात कॉर्लिओनीच्या मुलीचे लग्न चालू आहे. ऊन आहे, वाद्ये आहेत, नाच आहे. आत अभ्यासिकेत अंधार. लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाने कोणाची विनंती मोडायची नाही, अशी सिसिलीची रीत. म्हणून याचकांची रांग लागलेली. जवळजवळ पंचवीस मिनिटे चित्रपट या उजेडातून त्या अंधारात आणि परत असा ये-जा करतो, आणि तेवढ्यात घरातील प्रत्येक माणूस आपल्या ओळखीचा होऊन जातो. पंगतीची गडबड, रुसलेले पाहुणे, एका कोपऱ्यात चाललेली देण्याघेण्याची बोलणी. आपल्याकडचे कोणतेही लग्न आठवावे.

व्हिटो बोनासेराला प्रथम झिडकारतो. तू मला शेवटचे कधी आपल्या घरी कॉफीला बोलावलेस ते आठवत नाही, माझ्याशी मैत्री ठेवली नाहीस, आज गरज पडली तर पैसे घेऊन आलास, असा त्याचा रोष. पैसे त्याला नकोच आहेत. त्याला हवे आहे ते ऋण. बोनासेरा वाकून हाताचे चुंबन घेतो, तोंडाने ‘गॉडफादर’ म्हणतो आणि व्यवहार पुरा होतो. कधीतरी मी तुझ्याकडे काम मागेन, कदाचित कधीच मागणार नाही, एवढेच व्हिटो सांगतो.

‘सरकार’मधल्या बापाची गत तीच. पोलिसांकडून काही झाले नाही, म्हणून तो नागऱ्यांच्या दाराशी येतो. नागरे ऐकून घेतात, त्यांची माणसे जातात आणि अपराध्याला शिक्षा होते. प्रेक्षागृहात या ठिकाणी टाळ्या पडत असणार. मोबाइलवर पाहतानाही आम्ही टाळ्या दिल्या होत्या. पण येथेच दोन दिग्दर्शकांची वाट वेगळी होते, आणि हे मला फार उशिरा दिसले. नागरे त्या बापाकडे काही मागत नाहीत. कोपोलाचा व्हिटो मागतो. पुढे त्याचा थोरला मुलगा सनी गोळ्यांनी चाळण होऊन मरतो, तेव्हा तो बोनासेराच्या दाराशी प्रेत घेऊन जातो आणि त्याच्या हातचे कसब मागतो. माझ्या मुलाच्या आईला त्याचे तोंड पाहवेल असे कर, एवढेच मागणे. सबंध शहर ज्याला भिते तो माणूस येथे केवळ एका आईला तोंड दाखवण्याच्या काळजीत आहे. एका मुलीच्या बापाने मागितलेल्या न्यायाची परतफेड एका मुलाच्या प्रेताने झाली. असले हिशेब ठेवणारा दिग्दर्शक मोठाच म्हणावा लागेल.

येथे स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या शेताच्या धुऱ्याचा वाद होता. शेजाऱ्याने दर नांगरटीला तास-दोन तास आत सरकत आमची पट्टी गिळली होती. मोजणी झाली, दावा झाला, तारखा पडत गेल्या. शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून वडील एका वजनदार माणसाकडे गेले. नाव लिहीत नाही. प्रत्येक तालुक्याला असा एकजण असतो आणि त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात. त्यांनी वडिलांना बसवले, चहा पाजला, एक फोन केला. पंधरा दिवसांत धुरा जागेवर आला. पैसा एक घेतला नाही. आमच्या घरात त्या माणसाचे नाव आदराने घेतले जाऊ लागले, आणि त्याच सुमारास मी ‘सरकार’ पाहिला. तो मला इतका का आवडला असेल हे आता वेगळे सांगायला नको. दोन वर्षांनी भाऊंचा निरोप आला. वडिलांना गाडीवर मागे बसवून मीच घेऊन गेलो. वडील आत गेले, दार लोटले गेले, मी ओट्यावर बसून राहिलो. घरी परतताना वडील काही बोलले नाहीत. पुढे समजले की एका पंचनाम्यावर पंच म्हणून त्यांची सही हवी होती. ज्या जागेचा तो पंचनामा होता तिथे वडील त्या दिवशी गेलेलेही नव्हते.

बोनासेराचा प्रसंग मी त्यानंतर पुन्हा पाहिला. मोबाइलवरचे चित्र तेव्हा बदलले.

आता मुलांविषयी. गुन्हेगारी चित्रपट म्हटला की आपण पिस्तुले मोजतो. पण या दोन्ही मालिकांचा खरा विषय आज्ञाधारक मुलगा हा आहे. मायकेल कॉर्लिओनी हा घरातला शिकलेला मुलगा, युद्धात शौर्य गाजवून आलेला. बहिणीच्या लग्नात तो प्रेयसी केला वडिलांच्या धंद्याची एक भयंकर हकीगत सांगतो आणि म्हणतो, हे माझे घर आहे, मी नव्हे. शंकर नागरेही असाच अमेरिकेतून शिकून आलेला. दोघांनाही घराच्या धंद्याशी देणेघेणे नाही, आणि दोघेही घरात ओढले जातात ते पैशाच्या किंवा सत्तेच्या मोहाने मुळीच नव्हे. बाप संकटात सापडतो म्हणून. व्हिटोवर गोळीबार होतो. नागऱ्यांना खोट्या खुनाच्या आरोपात अडकवून तुरुंगात त्यांच्यावर हल्ला होतो. अशा वेळी आपल्यापैकी कोण म्हणेल की मुलाने बाजूला राहावे?

‘गॉडफादर’मधला रुग्णालयाचा प्रसंग मी पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. रात्र आहे, पहारा काढून घेतलेला आहे, मारेकरी वाटेवर आहेत. मायकेल वडिलांची खाट दुसऱ्या खोलीत सरकवतो, त्यांच्या कानाशी वाकून, आता मी तुमच्याजवळ आहे, असे सांगतो. निपचित पडलेल्या बापाच्या डोळ्यांतून पाणी येते. नंतर तो एन्झो नावाच्या पावाच्या भट्टीवाल्याला घेऊन दाराशी उभा राहतो; दोघे जणू शस्त्रे असल्यासारखे खिशात हात घालून उभे. मारेकऱ्यांची गाडी थांबते आणि निघून जाते. एन्झो सिगारेट पेटवू पाहतो, पण त्याचे हात कापतात. मायकेल लायटर घेऊन ती पेटवून देतो, आणि मग क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहतो. हात कापत नाही. संवाद नाही, संगीत नाही. आपण या कामासाठीच घडलेलो आहोत हे एका माणसाला कळल्याचा तो क्षण आहे, आणि तो एका सत्कृत्याच्या मध्यावर येतो.

या चित्रपटांचे तंत्र अशाच जागी पाहावे. गॉर्डन विलिस यांनी पहिल्या भागात दिवे बहुधा माणसांच्या डोक्यावर टांगले, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणींत काळोख साचतो. व्हिटो काय विचार करतो हे डोळ्यांवरून समजतच नाही. ‘सरकार’मध्ये हीच रीत अमित रॉय यांनी अंगीकारली आहे, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा बुडालेला. आवाजाचेही तसेच. मायकेल उपाहारगृहात पहिला खून करतो त्याआधी जवळून जाणाऱ्या रेल्वेगाडीचा कर्कश खडखडाट वाढत जातो. गाडी कुठेच दिसत नाही. तो आवाज रुळांवरचा आणि मायकेलच्या डोक्यातला असा दोन्हींकडचा आहे, ही वॉल्टर मर्च यांची करामत. वर्मा यांना मात्र आवाजाचा मोह आवरत नाही. ‘गोविंदा गोविंदा’ हा घोष पहिल्या चार वेळा अंगावर काटा आणतो, दहाव्या वेळेला तो सूचनाफलकासारखा वाटू लागतो.

यानंतर बाप्तिस्मा. व्हिटो वारला आहे. मायकेल बहिणीच्या तान्ह्या मुलाचा गॉडफादर होण्यासाठी चर्चमध्ये उभा आहे. धर्मगुरू विचारतात, सैतानाचा त्याग करतोस का? आणि त्याच क्षणी शहरभर मायकेलची माणसे इतर घराण्यांच्या प्रमुखांना ठार करीत आहेत. ऑर्गनचे स्वर दोन्हीकडे अखंड चालू. तो म्हणतो, त्याग करतो. आणखी एक खून. त्याच दिवशी तो त्या तान्ह्या मुलाच्या बापालाही मारवतो, कारण सनीच्या खुनात त्याचा हात होता. संकलनाच्या कलेचा वस्तुपाठ म्हणून हा प्रसंग जगभर दाखवला जातो. मला त्यातला खोटेपणाचा भाग अधिक बोचतो. खून हे पाप आहेच, पण येथे एक माणूस मुक्या बाळाच्या वतीने खोटी साक्ष देतो आहे. पंच म्हणून सही करावी तशी.

शेवटी बायको त्याला विचारते, तू हे केलेस का? तो तिच्या डोळ्यांत पाहून ‘नाही’ म्हणतो. ती सुटकेचा श्वास सोडून बाहेर जाते, आणि तिथून तिला दिसते की आत माणसे नवऱ्याच्या हाताचे चुंबन घेत आहेत. मग कोणीतरी दार लावून घेतो. चित्रपट त्या लागलेल्या दारावर संपतो.

‘सरकार’चा शेवट याच्या शेजारी ठेवून पाहावा. शंकर एकेक शत्रू संपवतो, मुख्यमंत्र्यालाही गजाआड धाडतो, आणि लोक आता त्यालाच ‘सरकार’ मानू लागतात. रचना तीच, पण भाव राज्याभिषेकाचा. बाहेर उभे राहून दार लागताना पाहणारे कोणी तिथे नाही.

सगळ्यात मोठा फरक भावाच्या प्रकरणात आहे. ‘सरकार’मधला विष्णू हा थोरला मुलगा, तापट, चैनी. के. के. मेनन यांनी तो असा उभा केला आहे की त्याचा राग येतो आणि दयाही येते. एका नटाचा खून केल्यामुळे वडील त्याला घराबाहेर काढतात. शत्रू त्याला हाताशी धरतात. पश्चात्तापाचे सोंग घेऊन तो घरी परततो, रात्री बापाला मारायला निघतो, आणि शंकर त्याला ठार करतो. गोष्ट वेगाने पुढे सरकते.

कोपोला दुसऱ्या भागात हेच प्रकरण फ्रेडोविषयी मांडतो आणि त्यासाठी तीन तास वीस मिनिटे घेतो. फ्रेडो हा दुबळा, दुर्लक्षिला गेलेला थोरला भाऊ. मूर्खपणाने शत्रूला मदत करून बसतो. मायकेल त्याला मारायचे ठरवतो, पण एक अट घालून : आई जिवंत आहे तोवर त्याला हात लावायचा नाही. आई मरते. मायकेल भावाला मिठी मारतो, आणि त्याच मिठीतून मारेकऱ्याकडे पाहतो. नंतर तळ्यातल्या नावेत गळ टाकून बसलेला फ्रेडो मासा लागावा म्हणून प्रार्थना म्हणत असताना गोळीचा आवाज येतो. मायकेल खिडकीतून पाहतो आहे. त्यानंतर चित्रपट एकदम मागे जातो, १९४१ सालच्या डिसेंबरात. वडिलांचा वाढदिवस, टेबलाभोवती सगळी भावंडे. मायकेलने सैन्यात नाव घातले म्हणून सनी खवळतो. एकटा फ्रेडो त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करतो. मग वडील आले म्हणून सगळे उठून जातात आणि मायकेल त्या टेबलाशी एकटा राहतो.

आता गडाकडे. आपल्याकडील प्रत्येकाला ही कथा आजीच्या तोंडून ठाऊक आहे. महाभारताच्या वनपर्वातही ती आली आहे. पाणी आणायला गेलेल्या रेणुकेचे मन क्षणभर विचलित झाले. जमदग्नी कोपले आणि त्यांनी मुलांना आईचा वध करायला सांगितले. चौघा थोरल्यांनी ऐकले नाही. बापाच्या शापाने ते जडमूढ झाले. धाकट्या परशुरामाने ऐकले. पुढे सहस्रार्जुनाने कामधेनू नेली, परशुरामाने त्याला मारले, त्याच्या मुलांनी जमदग्नींना मारले, आणि परशुरामाने एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. सिसिलीत ज्याला पिढीजात वैर म्हणतात ते याहून निराळे काय असते? बापाचे कलेवर कावडीत घेऊन आई-मुले कोरी भूमी शोधत येथे आली, दत्तात्रेयांनी विधी सांगितले, रेणुका येथे सती गेली, आणि परशुरामाने मागे वळून पाहिल्यामुळे तिचे फक्त मुख वर आले, ही आपली स्थळकथा. गडावर आपण पूजा करतो ती त्या मुखाची.

परशुराम अवतार आणि मायकेल गुन्हेगार. दोघांना एका पंगतीत बसवण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. पण एक जागा मला फार दिवस अस्वस्थ करीत होती. आज्ञा पाळल्यावर जमदग्नी प्रसन्न झाले आणि वर माग म्हणाले. तेव्हा परशुरामाने सर्वप्रथम मागितले ते हेच की आई जिवंत व्हावी आणि तिला या वधाची आठवण राहू नये. भावांनाही पूर्वस्थिती मिळावी. म्हणजे आज्ञा पाळणाऱ्या त्या मुलालाही ठाऊक होते की आज्ञापालनाने काय मोडले आहे. कथा करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. म्हणूनच तर त्यांनी वराची सोय करून ठेवली.

मायकेलला वर देणारे कोणी नाही. कोपोला १९७२ ते १९९० ही अठरा वर्षे हेच दाखवत राहिला, असे मला वाटते. तिसरा भाग पहिल्या दोहोंच्या तोडीचा नाही. व्हॅटिकनच्या पेढीचे कारस्थान समजून घेता घेता दमछाक होते. २०२० साली कोपोलाने स्वतःच त्याचे नव्याने संकलन केले. पण म्हातारा मायकेल फ्रेडोच्या मृत्यूची कबुली एका धर्मगुरूपुढे देतो तो प्रसंग, आणि पालेर्मोच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर त्याच्या वाट्याची गोळी मुलीला लागते तो प्रसंग, हे दोन सोसण्यासाठी तरी तो पाहावा. मुलीचे प्रेत मांडीवर घेऊन मायकेल तोंड उघडतो आणि आवाज येत नाही. कितीतरी क्षण ते उघडे तोंड नुसते दिसत राहते. मग किंकाळी फुटते. आठवण पुसली जावी असे मागायची सोय त्याला नाही.

‘सरकार राज’ला मात्र न्याय द्यायला हवा, कारण तिथे किंमत मोजली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात एक प्रचंड वीजप्रकल्प यायचा आहे, हजारो लोक उठणार आहेत. दाभोळच्या एन्रॉनची आठवण कोणालाही व्हावी. शंकर प्रकल्पाच्या बाजूने गावोगाव चालतो. त्याची गर्भवती पत्नी स्फोटात मरते आणि शेवटी तोही मारला जातो. मागे राहतो तो म्हातारा बाप. दिलीप प्रभावळकर यांच्यासारखा, मराठी घरांना चिमणराव म्हणून लाडका असलेला चेहरा येथे नागऱ्यांच्या आदरणीय रावसाहेबांचा आहे, आणि कारस्थानाचे मूळ तिथेच निघते. ही निवड झकास. पण दोष सर्वस्वी बाहेरच्यांचा ठरतो. बाप शोक करतो, सूड घेतो. या घरातूनच काही चुकले का, असे तो विचारत नाही. ‘सरकार ३’मध्ये विष्णूचा मुलगा शिवाजी मोठा होऊन आजोबांकडे येतो. ज्याच्या बापाला काकाने मारले तो पोरगा! केवढी जागा होती. चित्रपटाने ती कलाटण्यांमध्ये उधळली.

या बाबतीत महेश मांजरेकर यांचा १९९९ सालचा ‘वास्तव’ मला अधिक मराठी वाटतो. तेही हिंदीतले मराठी घर, पण चाळीतले. पावभाजीची गाडी टाकणारा रघू गुंड होतो आणि अखेर त्याची आईच, रीमा लागू, त्याला गोळी घालते. आपल्या गडाच्या कथेत मुलाने आईवर परशू उचलला. येथे उलटे झाले. त्या आईने कोणाची आज्ञा पाळली नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुटीत घरी दूरचित्रवाणीवर ‘सरकार’ लागला होता. या लेखाची जुळवाजुळव डोक्यात असल्यामुळे मी आईला मोठ्या उत्साहाने एकेक प्रसंग समजावून देत होतो. ती शेंगा सोलत ऐकत होती. शंकरने विष्णूला मारले तेव्हा तिचा हात थांबला.

“अन् त्याच्या मायला काय सांगितलं रे यांनी?”

मी चित्रपट तीन वेळा पाहिला होता. हा प्रश्न मला सुचला नव्हता. बाजेवर बसलेले वडील म्हणाले, “सांगितलं असंल काहीतरी,” आणि बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठून बाहेर गेले. पंचनाम्यावरच्या सहीची गोष्ट आमच्या आईला कोणी सांगितलेली नाही. वडिलांनी नाही आणि मीही नाही. तिला लिहिता येत नाही, पण छापलेले अक्षर ती बोट ठेवून सावकाश वाचते. अंक निघाल्यावर तो घरी न्यायचा की नाही, हे अजून माझे ठरलेले नाही.